विरामचिन्हे आणि लिहिणाऱ्याची पत
अर्जात पूर्णविराम राहिला, स्वल्पविराम भलतीकडे पडला, की वाचणारा मजकुराआधी माणसाचीच पारख करून मोकळा होतो. ही कसोटी मराठीत किती जुनी आहे, हे मात्र फारसे विचारले जात नाही.

पेशवे दप्तरातील मोडी कागद पाहावेत. कारकून आधी आडवी रेघ ओढी आणि तिच्याखाली अक्षरे जोडीत जाई. शब्द सुटे लिहिण्याचीच रीत नव्हती, तेथे विरामचिन्हे कोठली? वाक्य संपल्याचे क्रियापद सांगे. लिहिणाऱ्याची अदब आणि पायरी मायन्यातून व अखेरच्या 'विज्ञापना', 'जाणिजे' अशा शब्दांतून कळे. पोथ्यांतील दंड मुख्यतः पद्याच्या चरणांसाठी असे.

इंग्रजी धर्तीची चिन्हे मराठी गद्यात रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० चे. पुढे शालेय पुस्तके आणि छापखाने यांतून ही चिन्हे पसरली. १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'तील विष्णुशास्त्री चिपळूणकरांची पल्लेदार वाक्ये त्यांच्याच आधाराने तोल सांभाळतात.

चिन्हांची गरज निर्विवाद आहे. 'तो आला' यापुढे पूर्णविराम, प्रश्नचिन्ह वा उद्गारचिन्ह दिल्याने अर्थच पालटतो. परंतु हे ज्ञान शाळेतून आलेले आहे; ज्याला शाळा अपुरी मिळाली, त्याच्या लेखनात ते उणे राहणारच. उत्तरपत्रिकेतील असा दोष आपण अवश्य दाखवावा, मात्र त्यावरून बुद्धीचा निकाल देऊ नये. अटकेपर्यंतचा पत्रव्यवहार ज्यांनी सांभाळला, त्यांच्या कागदांत एकही स्वल्पविराम नव्हता.