स्थलनामांतील मुंबई

मुंबईत नव्याने येणाऱ्या जिज्ञासूस आज सलग भूमी दिसते. तिच्या जागी पूर्वी सात बेटे होती, हे इमारतींवरून उमगत नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहून मराठी वाचकास या नगरीची ओळख करून दिली, तेव्हा हॉर्नबी वेलार्ड या बांधाने महालक्ष्मीजवळील खिंड बुजून सुमारे ऐंशी वर्षे लोटली होती. ‘वेलार्ड’ हा शब्दही पोर्तुगीज ‘वालादो’चाच अपभ्रंश होय.

समुद्र हटला, पण भाषेने त्याची खूण राखली. उमरखाडीत आज खाडी नाही. पायधुणीस पाय धुवावयास ओहोळ नाही. मात्र येथे सावधगिरी हवी. उमरखाडीच्या नावास भूगोलाचा दुजोरा आहे. याउलट ‘दादर’ म्हणजे जिना, एवढा अर्थ कोशात सापडल्याने त्या गावाचा इतिहास सिद्ध होत नाही. ‘परळ’ वृक्षावरून की देवस्थानावरून, याविषयीही मतभेद आहेत.

२०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. नामांतर व्हावे की न व्हावे, हा निराळा प्रश्न. परंतु जुने नाव नोंदविल्यावाचून पुसले गेले, तर इतिहासाचा एक साक्षीदार कायमचा नाहीसा होतो.