खान नदीचा उतार

इंदूरचा इतिहास आपण बहुधा राजवाड्यापासून सांगू लागतो. वास्तविक तो नदीपासून सांगावयास हवा. खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या संगमापाशी जुने इंदूर वसले आणि होळकरांच्या अमदानीत शहर वाढले तेही याच प्रवाहांच्या दोन्ही तीरांवर. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या खानच्या काठी उभ्या आहेत. सरकारी कागदपत्रांत अलीकडे या नदीला ‘कान्ह’ म्हणतात. जुन्या मराठी घरांत मात्र ती अद्याप ‘खान’च आहे.

ही नदी शहरातून उत्तरेस वाहत जाते, सांवेर तालुका ओलांडते आणि उज्जैनच्या अलीकडे, त्रिवेणीपाशी, क्षिप्रेस मिळते. इंदूर उंचावर आणि उज्जैन उतारावर, एवढी भूगोलाची गोष्ट ध्यानात ठेवली की पुढील सारा इतिहास उलगडत जातो.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंदूरला प्लेगने वारंवार ग्रासले होते. त्या काळात तुकोजीराव तिसरे यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारास पाचारण केले. बडोदे शहराविषयीचा त्यांचा अहवाल १९१६ साली सिद्ध झाला होता. इंदूरचा दोन खंडांतील अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. गेडिस यांनी केवळ नकाशे काढले नाहीत. दिवाळीच्या सुमारास त्यांनी एक मिरवणूक काढविली. ज्या मोहल्ल्यांनी आपली घरे व रस्ते उत्तम झाडून काढले असतील त्यांतूनच ती जाणार, अशी अट होती. मिरवणुकीत रोगराईची सोंगे होती, प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती. आणि शहराचे सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या पोशाखात, फुलांनी सजून, सन्मानाने चालले होते. शेवटी घाणीच्या राक्षसाचे दहन झाले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांना भर रस्त्यात मान देणारी ती घटना या शहराच्या सामाजिक इतिहासात फार मोलाची मानली पाहिजे.

गेडिस यांचा आग्रह होता की नदीचे काठ स्वच्छ करून तेथे बागा फुलवाव्यात, आणि शहरातील मैला व सांडपाणी प्रवाहात न लोटता जमिनीस द्यावे. केवळ मोठमोठ्या गटारनळांवर दरबाराचा पैसा ओतण्यास ते प्रतिकूल होते.

त्यानंतर थोड्याच वर्षांत हाच विचार शास्त्राच्या भाषेत याच शहरात मांडला गेला. १९२४ साली इंदूरला वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ठरावीक अंतराने ते खालीवर करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. याच वाडांनी जॅक्सन यांच्या समवेत १९३४ साली मानवी वस्तीतील मैला व केरकचरा यांचे याच रीतीने खत करण्याविषयी पुस्तिका लिहिली. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच या शहरास सांगून झाले होते की घाण जेथे उत्पन्न होते तेथेच तिचे रूपांतर करावे, ती दुसऱ्याच्या दाराकडे ढकलू नये.

शहराने वाट धरली ती दुसरीच. कापडगिरण्या वाढल्या, मजुरांच्या चाळी वाढल्या, पुढे सांवेर मार्गावर औद्योगिक वसाहत झाली आणि या साऱ्यांचा निचरा खानमध्ये होऊ लागला. १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदुरात आले. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर, घाट चढवून, हे पाणी आणावे लागते. ते लोकांच्या आंदोलनाने मिळविलेले पाणी होते आणि त्याने शहराची तहान भागली, हे कृतज्ञतेने म्हटलेच पाहिजे. परंतु शहरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. नर्मदा घरोघरी आली आणि त्याच प्रमाणात खान नाला होत गेली. पिण्यासाठी दुसरी नदी मिळाल्यावर दारातल्या नदीची गरज कोणास उरली नाही.

गरज उरली ती उतारावरच्या माणसांना. सांवेरकडील शेतकऱ्यास दुसरे पाणी नव्हते; त्याने याच पाण्यावर गहू व भाजीपाला पिकविला. त्यातला काही भाजीपाला पुन्हा इंदूरच्याच बाजारात आला.

प्रस्तुत लेखकाची हयात शासकीय कचेऱ्यांत गेली. तेथे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकला की पहिल्या टेबलापुरते प्रकरण निकालात निघते. सांडपाण्याच्या बाबतीत शहरे नेमका हाच न्याय लावतात. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी खानचे पाणी उज्जैनच्या घाटांवर येऊ नये म्हणून सुमारे एकोणीस किलोमीटर लांबीची वाहिनी टाकून ते शहराच्या पलीकडे, कालियादेहच्या बाजूस, सोडण्यात आले. २०२८ च्या सिंहस्थासाठी याहून मोठ्या बंदिस्त वाहिनीचे काम हाती घेण्यात आले. यात्रेकरूंचे स्नान निर्मळ पाण्यात व्हावे, ही इच्छा योग्यच आहे. पण वाहिनी जेथे संपते तेथेही गावे आहेत, आणि त्या गावांत कुंभमेळा भरत नाही.

अलीकडे शहराने जे मिळविले तेही नोंदविले पाहिजे. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिले आले. नाल्यांत उघडी सुटणारी हजारो तोंडे बंद करण्यात आली, सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे उभी राहिली, आणि २०२१ साली ‘वॉटर प्लस’ हा दर्जा मिळविणारे ते देशातील पहिले शहर ठरले. फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडिया येथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू व खत करणारा प्रकल्प सुरू झाला. घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा होऊ लागला. हॉवर्ड आणि वाड यांना समाधान वाटावे असेच हे काम आहे.

तथापि २०२५ च्या डिसेंबरअखेर याच शहरात, भागीरथपुरा या श्रमिकांच्या दाट वस्तीत, पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत मैलापाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले, अनेक दगावले. तान्ह्या मुलापासून वृद्धांपर्यंत साऱ्यांना त्याची झळ पोचली. शहराला उतार असतो तो केवळ भूगोलाचा नव्हे. समाजालाही उतार असतो, आणि घाण त्या उतारानेही वाहत जाते. रस्ता लखलखीत असला तरी त्याखालचे नळ कोणत्या वस्तीत किती जुने झाले, हे मानचिन्हांवरून समजत नाही.

आपली घराणी या शहरात दीडदोनशे वर्षे नांदली. दरबारच्या चाकरीत, शाळांत, कचेऱ्यांत आपल्या वाडवडिलांनी शहर घडविले, याचा आपणास रास्त अभिमान आहे. पण आपली घरे बहुधा नदीच्या वरच्या अंगास होती आणि घरातले मोरीचे पाणी कोठे जाते, हे विचारण्याची वेळ आपणांवर क्वचितच आली. गेडिस यांचे अहवाल आणि वाडांची पुस्तिका ग्रंथालयांच्या कपाटांत मिळतात. ती कपाटे उघडावीत. आणि नगरपालिकेच्या दारी गटाराची तक्रार घेऊन जाताना, आपल्या गल्लीतले पाणी पुढे कोणाच्या अंगणात उतरते, हाही प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मागण्याचा अधिकार आपल्याइतकाच सांवेरच्या शेतकऱ्यासही आहे.