पहिली गिरकी

माझ्या लहानपणी दिवाळीला आठ दिवस उरले, की आमच्या घरी पहाटेपासून स्टो फरफरू लागे. तो पेटवण्याचे काम आईचेच. वाटीत स्पिरिट ओतायचे, बर्नर चांगला तापू द्यायचा आणि मगच पंप मारायचा. एकदा मी घाई केली. बर्नर तापलाच नव्हता; कच्चे रॉकेल वर आले, पिवळा भडका हातभर उसळला आणि चकल्यांच्या आधी माझ्या भुवयाच तळून निघाल्या! आईने चावी सोडून हवा काढली आणि एवढेच म्हणाली, “आग लावणं सोपं असतं रे. सुरुवात नीट करणं अवघड.”

लढाऊ जेट विमानांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा हे वाक्य मला पदोपदी आठवले. जेट इंजिनाचे काम सांगायला सोपे आहे. पुढून हवा आत घ्यायची, कॉम्प्रेसरच्या पात्यांनी ती दाबायची, तीत इंधन फवारून पेटवायचे. तापलेला वायू मागे धावताना टर्बाइनचे चाक फिरवतो आणि ते चाक कॉम्प्रेसरला फिरवते. पण खरी मेख इथेच आहे. कॉम्प्रेसर फिरल्याशिवाय दाबलेली हवा नाही. तशा हवेवाचून टर्बाइन फिरवील अशी ज्योत नाही. आणि टर्बाइन फिरले नाही, तर कॉम्प्रेसर फिरवणार कोण? पहिली गिरकी दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागते.

इंग्लंडच्या हवाई दलातील तरुण अधिकारी फ्रँक व्हिटल याने 12 एप्रिल 1937 रोजी रग्बी येथील कारखान्यात आपले इंजिन प्रथमच चालवून पाहिले. विजेच्या मोटरने त्याला गती दिली, हाताने मॅग्नेटो फिरवून ठिणगी पाडली आणि व्हिटलने इंधनाची चावी उघडली. क्षणभर सारे ठीक चालले. मग भोंग्यासारखी किंकाळी फोडत इंजिन उधळले. त्याचे पत्रे लालबुंद झाले. जमलेले कामगार वाट फुटेल तिकडे पळाले. व्हिटलने चावी बंद केली, तरी गती वाढतच राहिली! मिनिटाला सुमारे 8,000 फेऱ्यांवर ती थांबली आणि हळूहळू उतरली. आधी झिरपलेले इंधन ज्वलनकक्षाच्या तळाशी साचले होते. चावी बंद झाली, तरी ते जळतच होते. म्हणजे आमच्या स्टोचीच गोष्ट की! पुढे साचलेल्या इंधनाच्या निचऱ्याची सोय करावी लागली. आजही इंजिन पेटले नाही, तर लगेच पुन्हा इंधन सोडत नाहीत. आधीचे निघून जाऊ देतात.

जर्मनीचे मेसरश्मिट 262 हे विमान 18 जुलै 1942 रोजी केवळ जेटच्या बळावर प्रथम उडाले. त्याच्या प्रत्येक युमो इंजिनाच्या नाकात दोन सिलिंडरांचे, साधारण दहा अश्वशक्तीचे एक चिमुकले पेट्रोल इंजिन बसवलेले असे. मोठ्याला जागे करायचे, तर आधी या धाकट्याला उठवायचे. विजेने ते उठले नाही, तर नाकाशी लोंबणारी कडी हाताने ओढायची. वेगासाठी गाजलेल्या त्या विमानाचा आरंभ असा दोरी ओढण्यावर येऊन ठेपला होता.

इंजिन फिरू लागले, की त्याच्यावरचे पंप तेलावर दाब आणतात. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातील नियम. दाब चौरस इंचाला 3,000 पौंड असला, तर दहा चौरस इंचांचा दट्ट्या 30,000 पौंडांचा जोर करतो. तो जोर किती मोलाचा, हे 1950 ते 1953 च्या कोरियन युद्धात दिसले. मिग-15 चे शेपटीकडचे सुकाणू वैमानिकाला मनगटाच्या बळावरच हलवावे लागे आणि वेग वाढला, की ते जड होई. उलट अमेरिकन सेबरच्या सुधारलेल्या जातीत आडवी शेपटी सबंध तेलाच्या दाबावर हले.

आता या दोन्ही धाग्यांची गाठ पाहा. 1974 मध्ये प्रथम उडालेल्या एफ-16 विमानात मोठ्या इंजिनाला फिरवायला एक लहान टर्बाइन आहे. त्या लहानाला पहिली गिरकी देते ते साठवलेले तेल! इंजिन चालू असताना दोन टाक्यांत दाब साठवून ठेवलेला असतो. वैमानिकाने खटका दाबला, की तो सुटतो. मोठ्या इंजिनाचा वेग पाचव्या हिश्श्यापर्यंत चढला, की वैमानिक इंधन सोडतो आणि उष्णतेच्या काट्यावर डोळे रोवून बसतो. काटा हद्दीपलीकडे धावू लागला, तर त्याने तत्काळ इंधन तोडले पाहिजे. नाहीतर टर्बाइनची पाती क्षणांत भाजून निघतात.

आणि टाक्यांतला दाब संपला तर? तर जमिनीवरचा मदतनीस हातपंपाची दांडी धरतो आणि घाम गाळीत तो दाब पुन्हा भरतो. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणारे ते विमान तोवर त्याच्या दंडाकडे पाहत मुकाट्याने उभे असते.

विमान आकाशात झेपावले, की माना वर होतात आणि नाव वैमानिकाचे होते. खाली हातपंपाशी उभ्या असलेल्या माणसाचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत मला कुठे आढळले नाही. यंदा पणत्या लावताना ज्या पहिल्या पणतीवरून बाकीच्या पेटवाल, ती कोणाच्या हातची आहे, ते एकदा पाहून ठेवा. आमच्या घरी ती आईच्या हातची असे.