घातगणन व चक्रवाढ

एखाद्या संख्येला तिनेच ठरावीक वेळा गुणून येणारे फल काढण्याच्या क्रियेस घातगणन म्हणतात. संगणकाची भाषा नव्याने शिकणाऱ्यास आवर्तनाची, म्हणजे रूढ शब्दात लूपची, ओळख पुष्कळदा याच क्रियेने करून देतात. आरंभी फल १ धरावयाचे, त्यास पायाने गुणावयाचे, आलेले फल त्याच जागी पुन्हा ठेवावयाचे आणि घातांकाइतकी आवर्तने पुरी होताच थांबावयाचे. फॉरट्रान (१९५७) या भाषेत घातासाठी स्वतंत्र चिन्ह आहे. सी या भाषेत तसे चिन्ह नसल्याने हा अभ्यास तेथे विशेष उपयोगी पडतो. नवशिक्यांच्या दोन चुका ठरलेल्या असतात : आरंभी १ ऐवजी ० धरणे (मग फल अखेरपर्यंत शून्यच राहते) आणि एक आवर्तन कमी किंवा अधिक होऊ देणे. आरंभ कोठून करावा व कोठे थांबावे, हे प्रश्न संगणकाहून फार जुने आहेत. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या प्रदेशात तर एके काळी शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांच्या उत्तरांवर अवलंबून होत्या.

भारतीय गणितात घात काढण्याची रीत प्रथम छंदःशास्त्रात आढळते. लघु-गुरूंचे किती प्रकार संभवतात हे काढण्याकरिता पिंगलाने २ चे घात अर्धीकरणाने काढण्याची सूत्रे दिली. भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) गुणोत्तर श्रेढीसाठी हीच रीत कोणत्याही गुणकास लागू होईल अशी मांडली. घातांक विषम असल्यास त्यातून १ वजा करून ‘गुण’ लिहावयाचे, सम असल्यास निम्मे करून ‘वर्ग’ लिहावयाचे आणि घातांक संपल्यावर ही नोंद उलट क्रमाने वाचत १ पासून गुणाकार व वर्ग करीत जावयाचे. ३० या घातांकासाठी चार ‘वर्ग’ आणि चार ‘गुण’ मिळतात. पाया २ असता फले अनुक्रमे २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि १०७३७४१८२४ अशी येतात. साध्या आवर्तनास ज्या कामी तीस फेऱ्या लागतात, ते येथे आठ पायऱ्यांत उरकते. आजच्या संगणकशास्त्रात मोठ्या घातांकांसाठी मूलतः हीच रीत वापरतात.

लीलावतीतील उदाहरणात एक दाता पहिल्या दिवशी २ कवड्या देतो व रोज दान दुप्पट करतो. महिन्याचे एकूण दान २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे एक लाख चार हजारांहून अधिक निष्क होते. संगणकातील ३२ अंकस्थानांच्या सचिन्ह पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या याहून केवळ १ ने अधिक आहे, हा योगायोग मौजेचा आहे.

दात्याऐवजी सावकार घेतला की हेच गणित निराळे रूप धारण करते. दरसाल दरशेकडा २४ दराने १०० रुपयांचे चक्रवाढीने एका वर्षात १२४, दोन वर्षांत १५३·७६, चार वर्षांत सु. २३६ आणि दहा वर्षांत सु. ८५९ रुपये होतात. सरळ व्याजाने दहा वर्षांत ३४० होतात. धर्मशास्त्राने या वाढीस दामदुपटीचा बांध घातला होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हा तो नियम. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानला. आवर्तनाच्या परिभाषेत ही थांबण्याची अट होय.

तथापि ही अट मोडल्यावाचून चुकविता येत असे. कर्जरोख्यावरील दाव्याची मुदत १८५९ च्या कायद्याने बहुतांशी तीन वर्षांवर आली. कुळाला जुन्या रोख्यांच्या तगाद्यातून सोडविण्याचा त्यामागील हेतू होता. परिणाम उलटाच झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. वरील दराने सरळ व्याज धरले, तरी दर तीन वर्षांनी १०० चे १७२, १७२ चे सु. २९६ आणि नवव्या वर्षाअखेर सु. ५०९ रुपये होतात. कोणत्याही एका रोख्यावर व्याज मुद्दलाच्या ७२ टक्क्यांपुढे जात नाही; त्यामुळे दामदुपटीचा प्रश्नच उपस्थित होत नाही. प्रत्येक फेरीत आरंभाची रक्कमच नव्याने ठरत असल्याने थांबण्याची अट निरर्थक होते. अंगठा उठविणाऱ्या कुळास हा हिशेब तपासता येत नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला आणि त्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरले. दंगेखोरांचा मुख्य रोख रोखे हस्तगत करून जाळण्यावर होता. त्यांच्या कृतीस केवळ आंधळा क्षोभ म्हणता येत नाही : साचत गेलेले फल ज्या कागदावर लिहिलेले होते तो कागदच त्यांनी नष्ट केला.

चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला व तो पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. तत्कालीन सातारा जिल्ह्यात वाळवे, तासगाव, खानापूर हे आज सांगली जिल्ह्यात असलेले तालुके समाविष्ट होते. (१९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.) कायद्याच्या तेराव्या कलमाने रोख्यावरील आकड्यावर न विसंबता व्यवहाराच्या प्रारंभापासून हिशेब घेण्याचा, मुद्दल व व्याज यांची खाती वेगळी ठेवण्याचा आणि मुद्दलात मिळविलेले व्याज सामान्यतः वगळण्याचा मार्ग न्यायालयांना घालून दिला. असे व्याज मान्य करावयाचे झाल्यास न्यायालयाला कारणे नमूद करावी लागत. शेतकऱ्यांचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत, अशीही तरतूद होती. सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थाने ब्रिटिश हद्दीबाहेर असल्याने त्यांना हा कायदा आपोआप लागू होत नव्हता. त्यामुळे संस्थानी गाव आणि खालसा गाव शेजारी असले, तरी एकाच रकमेच्या कर्जाचा हिशेब दोन्हीकडे सारखाच होईल, याची शाश्वती नव्हती.