पिचरचा हात आणि नियमांचे पुस्तक

बेसबॉलमध्ये बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात आणि आज संघाचे यशापयश बहुतांशी त्याच्यावर अवलंबून असले, तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क परिसरात या खेळाला नियमबद्ध रूप येत होते तेव्हा त्याचे स्थान अगदी दुय्यम होते. निकरबॉकर क्लबच्या १८४५ च्या नियमांनुसार चेंडू बॅटरसाठी हात खालून आणून टाकायचा असे, झुगारून फेकणे नियमबाह्य होते. खरी चुरस बॅटर आणि क्षेत्ररक्षक यांच्यात व्हावी, पिचरने केवळ खेळाला चालना द्यावी, अशी त्यामागची धारणा होती. पिचरांनी ही धारणा फार काळ टिकू दिली नाही आणि नियमकर्त्यांनी मात्र ती दर वेळी नव्या उपायाने सावरण्याची खटपट केली. चेंडूफेकीच्या इतिहासातील बहुतेक महत्त्वाची वळणे या ओढाताणीतून निघाली आहेत.

पहिला धक्का दिला तो ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर संघाच्या जिम क्रेटन या तरुणाने. १८६० च्या सुमारास तो हात खालूनच आणी, पण चेंडू सोडताना मनगटाला असा काही झटका देई की चेंडू वेगाने आणि फिरकी घेऊन येई. हा झटका नियमात बसत नाही अशी तक्रार प्रतिस्पर्धी करत, परंतु पंचांना तो डोळ्यांनी टिपणे जवळजवळ अशक्य होते. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८६२ मध्ये, क्रेटनचा मृत्यू झाला, तोवर त्याचे अनुकरण सर्वत्र सुरू झाले होते. वेगाच्या मागे लागलेल्या पिचरांचे चेंडू भलतीकडे जाऊ लागले आणि बॅटरही मनाजोगत्या चेंडूची वाट पाहत ताटकळू लागले. मारण्याजोगा चेंडू सोडून दिल्यास बॅटरविरुद्ध ‘स्ट्राइक’ पुकारण्याचा अधिकार पंचाला १८५८ मध्येच मिळाला होता. आता भलतीकडे जाणाऱ्या चेंडूंवर तोडगा म्हणून १८६४ पासून आवाक्याबाहेरच्या चेंडूला ‘बॉल’ पुकारण्याची तरतूद झाली. ठरावीक संख्येने बॉल पडले की बॅटरला पहिला तळ फुकट मिळे आणि यालाच पुढे ‘वॉक’ म्हटले जाऊ लागले. ही संख्या १८७९ मध्ये नऊ होती, ती उतरत उतरत १८८९ मध्ये चारवर स्थिरावली. बॅटरने आपल्याला उंच चेंडू हवा की खालचा हे आधी सांगायचे, ही आज चमत्कारिक वाटणारी सवलत १८८७ पर्यंत चालू होती, यावरून चेंडू पुरवणारा मदतनीस ही पिचरची जुनी प्रतिमा किती चिवट होती हे ध्यानात येते.

हात किती उंचावरून फिरवावा याविषयीचे निर्बंधही टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि १८८४ मध्ये नॅशनल लीग या व्यावसायिक संघांच्या संघटनेने खांद्यावरून चेंडू फेकण्यास मुभा दिली. (क्रिकेटने खांद्यावरून गोलंदाजी करण्यास १८६४ मध्येच मान्यता दिली होती, म्हणजे या बाबतीत इंग्लिश खेळ वीस वर्षे पुढे होता.) त्याच हंगामात प्रॉव्हिडन्स संघाच्या चार्ल्स रॅडबोर्नने केलेली कामगिरी आजच्या वाचकाला अविश्वसनीय वाटेल. संघातील दुसरा प्रमुख पिचर जुलैमध्ये संघ सोडून गेल्यावर रॅडबोर्नने जवळजवळ सगळा भार एकट्याने उचलला, ७३ सामन्यांत सुरुवातीला उतरून तितकेच्या तितके सामने शेवटपर्यंत खेळला, ६७८ हून अधिक डाव टाकले आणि मोजणीच्या पद्धतीनुसार ५९ किंवा ६० विजय मिळवले. हंगामाच्या अखेरीस त्याला केस विंचरायलाही हात वर नेता येत नसे, असे सांगितले जाते.

खांद्यावरून येणारा चेंडू आणि तेव्हाचे तोकडे अंतर यांचा मेळ बसणे शक्य नव्हते. प्रारंभी पिचर आणि होम प्लेट, म्हणजे बॅटर जिच्यापाशी उभा राहतो ती पट्टी, यांत ४५ फूट अंतर असे. १८८१ मध्ये ते ५० फूट झाले आणि १८९३ मध्ये ६० फूट ६ इंच. या शेवटच्या आकड्यातील सहा इंचांविषयी बऱ्याच दंतकथा प्रचलित आहेत, पण खुलासा साधा आहे. आधीच्या नियमानुसार पिचर एका आखलेल्या चौकटीत उभा राहून मागचा पाय तिच्या मागल्या रेषेवर ठेवी आणि ती रेषा होम प्लेटपासून ५५ फूट ६ इंचांवर होती. चौकट रद्द करून तिच्या जागी रबराची पट्टी बसवताना ती याहून पाच फूट मागे नेण्यात आली, एवढेच. परिणाम मात्र साधा नव्हता. बॅटरचे यशस्वी फटके आणि त्याच्या संधी यांच्या गुणोत्तराला फलंदाजीची सरासरी म्हणतात. नॅशनल लीगची ही सरासरी १८९२ मध्ये ०.२४५ होती, ती १८९४ मध्ये ०.३०९ वर गेली. अंतर त्यानंतर कधीच बदललेले नाही.

अंतर वाढले तशी पिचरांनी युक्ती वाढवली. हवेत वळणारा ‘कर्व्हबॉल’ त्याआधीच रूढ झाला होता. आता थुंकी लावून ओलसर केलेला ‘स्पिटबॉल’ आला, जो बोटांतून निसटताना फारशी फिरकी घेत नाही आणि बॅटरजवळ येता येता अचानक खाली पडतो. त्यातच एकच चेंडू मळून काळा होईपर्यंत वापरण्याची पद्धत होती. १९२० च्या हंगामापूर्वी स्पिटबॉलवर बंदी आली, तरी ज्यांची रोजीरोटीच त्यावर होती अशा सतरा पिचरांना पुढे निवृत्तीपर्यंत सूट मिळाली आणि त्यांतील शेवटचा, बर्ली ग्राइम्स, १९३४ पर्यंत खेळला. मळलेल्या चेंडूचा प्रश्न मात्र एका मृत्यूने ऐरणीवर आणला. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कार्ल मेज या पिचरचा चेंडू क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्यावर आदळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा अंत झाला. चेंडू त्याला नीट दिसलाच नसावा, असे अनेकांचे मत पडले. यानंतर मळका चेंडू तातडीने बदलण्याचा दंडक कडक झाला आणि पांढऱ्या चेंडूवर बेब रूथसारख्या बॅटरांच्या पिढीने होमरनांचा, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर टोलवणाऱ्या फटक्यांचा, पाऊस पाडला.

तराजू पुन्हा पिचरकडे झुकला तो १९६० च्या दशकात. स्ट्राइक ठरण्याची चौकट १९६३ मध्ये मोठी करण्यात आली आणि पिचर ज्यावरून चेंडू टाकतो तो मातीचा उंचवटा, ‘माउंड’, पंधरा इंच उंच होता. १९६८ मध्ये सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने दर नऊ डावांमागे, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळता, सरासरी १.१२ धावाच दिल्या, डेनी मॅकलेनने ३१ सामने जिंकले आणि अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम बॅटर ठरलेल्या कार्ल यस्ट्रेम्स्कीची सरासरी जेमतेम ०.३०१ होती. लगेच पुढच्या हंगामात माउंड दहा इंचांवर आणून चौकट आक्रसण्यात आली.

त्यानंतरचा मोठा बदल नियमपुस्तकाने घडवला नाही, तो संघचालकांच्या हिशेबाने घडवला. थकलेल्या पिचरपेक्षा ताजा पिचर बरा, या न्यायाने अखेरच्या डावापुरता उतरणारा ‘क्लोजर’ तयार झाला. ओकलंडच्या टोनी ला रुसा यांनी १९८८ पासून डेनिस एकर्स्लीला असेच वापरले आणि ती रीत सर्वांनी उचलली. थोडेच चेंडू टाकायचे असल्याने प्रत्येक चेंडू सर्व शक्तीनिशी टाकणे परवडू लागले. सप्टेंबर २०१० मध्ये आरोल्डिस चॅपमन या पिचरच्या चेंडूने ताशी १०५ मैलांचा टप्पा ओलांडला. जुन्या काळातील पिचर साय यंगने कारकिर्दीत ७४९ सामने एकट्याने पूर्ण केले होते, तर २०२३ च्या हंगामात सर्व तीस संघांच्या पिचरांनी मिळून चाळीससुद्धा पूर्ण केले नाहीत.

या वेगाची किंमत कोपर मोजते. फ्रँक जोब या शल्यविशारदाने १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा तुटलेला अस्थिबंध काढून त्याच्या जागी त्याच्याच दुसऱ्या हातातील कंडरा बसवली, तेव्हा तो पुन्हा खेळेल याची खात्री कोणालाच नव्हती; तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया आता पिचरांच्या जीवनक्रमाचा भाग होऊन बसली आहे. मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात वाढता वेग आणि प्रत्येक चेंडूमागची पराकाष्ठेची ताकद यांना दुखापतींची प्रमुख कारणे मानले आहे. पण वेगवान चेंडू मारणे अवघड असते आणि सामने त्यानेच जिंकले जातात, त्यामुळे तो कमी करण्याचा आग्रह धरायला कोणताही संघ आपणहून पुढे आलेला नाही.