ट्रान्झिस्टरच्या संचात व्हॉल्व्हची ऊब: १९८५ ची एक पैज आणि तिच्या अलीकडे-पलीकडे

मागच्या वेळी आपण कर्ण्यापासून निघून एलपीपर्यंत आलो होतो. आज त्यापुढचं. घरात ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आहे, आवाज स्वच्छ येतो, पण ‘तो जुना गोडवा नाही’ अशी तक्रार आहे. मग त्यात व्हॉल्व्हची ऊब कशी आणायची? हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो साठ वर्षांचा जुना आहे आणि त्याचा इतिहास मोठा मजेदार आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे इथल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना सांगायला नको. मर्फीचा रेडिओ लावला की अर्धा-एक मिनिट नुसतं थांबायचं, मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून नारंगी उजेड दिसायचा, आणि मग निवेदकाचा आवाज हळूहळू वर यायचा. अमेरिकेत त्याच वस्तूला ट्यूब म्हणतात. एक लक्षात ठेवा: तो नारंगी उजेड आतल्या तापणाऱ्या तारेचा. आवाजाच्या गोडीशी त्या उजेडाचा संबंध नाही. हे पुढे कामाला येईल.

१९४७ साली बेल लॅबोरेटरीत ट्रान्झिस्टर तयार झाला, आणि साठच्या दशकात तो घरच्या ॲम्प्लिफायरमध्ये शिरला. कंपन्यांना तो हवाच होता. व्हॉल्व्हला स्पीकरशी जोडायला लोखंड-तांब्याचा जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो महाग. ट्रान्झिस्टरला तो लागत नाही. वजन गेलं, उष्णता गेली, दर काही वर्षांनी व्हॉल्व्ह बदलायचा खर्च गेला. जाहिरातीतले आकडेही सुंदर होते.

पण ऐकणारे म्हणाले, आवाज कोरडा आहे. बोचतो. आणि त्यांचं म्हणणं खरं होतं, ती नुसती जुन्याची हळहळ नव्हती. या यंत्रांत आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो आणि खालचा अर्धा दुसरा. गिरणीत पहिली पाळी सुटून दुसरी लागते ना, तसं. त्या अदलाबदलीच्या क्षणी जरा खंड पडला की लाटेत कंगोरा उमटतो, आणि हा कंगोरा हळू आवाजात जास्त जाणवतो, कारण लाटच लहान असते. मोजमाप मात्र व्हायचं पूर्ण ताकदीवर. तिथे दोष टक्क्याच्या अंशात दिसायचा. म्हणजे कागदावर उत्तम, आणि रात्री दहा वाजता हळू आवाजात लावलं की कर्कश. हा दोष पुढे इंजिनियरांनी दूर केला. ब्रिटनमधल्या क्वाड कंपनीचा १९६७ चा ३०३ हा त्यातला गाजलेला नमुना. तरी ट्रान्झिस्टरची बदनामी मात्र राहिली.

मग १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या रसेल हॅम यांनी ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांत कानाला कळणारा फरक आहे का, हा विषय. त्यांचं निरीक्षण असं, की सहन होईल त्याहून मोठा आवाज आत ढकलला तर व्हॉल्व्ह मुख्यतः दुसरा उपस्वर निर्माण करतो आणि ट्रान्झिस्टर तिसरा. आपल्या भाषेत, षड्ज लावला तर दुसरा उपस्वर म्हणजे तार षड्ज, तिसरा म्हणजे त्याच्या वरचा पंचम. यावरून लोकांनी सोपं सूत्र केलं, दुसरा गोड आणि तिसरा वाईट. अहो, तानपुऱ्यातून तो पंचम ऐकायला आपण कान टवकारून बसतो! (हशा) कानाला खरा त्रास सातव्या-नवव्यासारख्या वरच्या विषम उपस्वरांचा होतो. आणि मुख्य म्हणजे हॅम मायक्रोफोनच्या प्रीॲम्प्लिफायरबद्दल बोलत होते, तोही ओव्हरलोड झालेला. घरी बसून मध्यम आवाजात ऐकताना तुमचा ॲम्प्लिफायर ओव्हरलोड होत नसतो. तरीही हा निबंध आजतागायत घरच्या संचासाठी पुरावा म्हणून पुढे केला जातो.

आता ती पैज. बॉब कार्व्हर हे अमेरिकन ॲम्प्लिफायर-रचनाकार. ‘स्टीरिओफाइल’ हे त्या काळचं चोखंदळ श्रोत्यांचं नियतकालिक. कार्व्हर संपादकांना म्हणाले, तुम्ही कुठलाही महागडा ॲम्प्लिफायर निवडा, मी माझा स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर अगदी त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. १९८५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे हा सामना झाला. संपादकांनी निवडला एक व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. त्याचं नाव तेव्हा छापलं नाही. तो कॉनराड-जॉन्सन कंपनीचा प्रीमियर फाइव्ह होता, हे नंतर कळलं.

कार्व्हरनी हॉटेलच्या खोलीत बसून जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी दोन्ही ॲम्प्लिफायरना एकच संगीत दिलं आणि दोघांच्या बाहेर येणाऱ्या आवाजांची एकमेकांतून वजाबाकी केली. दोघे हुबेहूब सारखे असतील तर उरतं शून्य, शांतता. जे काही ऐकू येईल तो दोघांतला फरक. मग त्यांनी आपल्या यंत्रात फेरफार करत करत तो उरलेला आवाज दाबत नेला, तब्बल सत्तर डेसिबल खाली. म्हणजे फरक मूळ आवाजाच्या साधारण तीन हजारांश भागाएवढा. मग संपादक ऐकायला बसले. वर्षानुवर्षं बारीकसारीक फरकांवर पानं भरणारी ही माणसं. त्यांना दोघांत फरक सांगता आला नाही, आणि त्यांनी तो निकाल स्वतःच छापला. याबद्दल त्यांना दाद द्यायला हवी. त्यांची सगळी पत कानांवर उभी होती.

गोष्ट इथे थांबत नाही. कार्व्हरनी लगेच एम-१.०टी नावाने तशी यंत्रं बाजारात आणली. ‘स्टीरिओफाइल’ने दुकानात विकलं जाणारं यंत्र तपासलं, तर वजाबाकीत सत्तर डेसिबलच्या जवळपासही पोचता येईना. मोठा वाद झाला. माझ्या मते यात दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. हाताने जुळवलेला एक नग आणि कारखान्यातून निघालेले हजारो नग यांत फरक पडणारच. पण मग जाहिरात जपून करायला हवी होती.

तर कार्व्हरनी नक्की जुळवलं काय? अनेक गोष्टी, पण त्यात एक फार महत्त्वाची. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला स्वतःचा एक अडथळा असतो, ज्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. ट्रान्झिस्टरमध्ये तो बहुधा एक दशांश ओहमहूनही कमी. व्हॉल्व्हमध्ये, ट्रान्सफॉर्मरमुळे आणि फीडबॅक कमी असल्यामुळे, अर्धा, एक, कधी दोन ओहम. आता स्पीकरवर ‘आठ ओहम’ लिहिलेलं असलं तरी तो सगळीकडे आठ नसतो. मधल्या स्वरांत सहा असेल, तर खर्जात एका जागी तीस. आउटपुट एक ओहम धरून हिशेब करा: सहाच्या जागी आवाज सुमारे १.३ डेसिबल उतरतो, तीसच्या जागी जेमतेम ०.३. म्हणजे खर्ज तुलनेने एक डेसिबलने उठतो. एवढ्यानं आवाज भरलेला, ऊबदार वाटतो. जुने स्पीकर तर व्हॉल्व्हवर ऐकूनच जुळवलेले. तेच स्पीकर ट्रान्झिस्टरवर लावले की कृश वाटायचे.

म्हणजे ही ऊब ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या सांध्यात आहे. हे कळलं की पुढच्या बाजाराकडे वेगळ्या नजरेनं पाहता येतं. सीडी आली, तिचा आवाज लोकांना टोचला, आणि नव्वदच्या दशकात म्युझिकल फिडेलिटी या ब्रिटिश कंपनीने एक्स-१०डी नावाची नळकांड्यासारखी वस्तू काढली. आत व्हॉल्व्ह, आणि ती ठेवायची सीडी प्लेयर आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये. आज तशा चिनी डब्या ढिगानं मिळतात. काहींच्या व्हॉल्व्हखाली तर चक्क नारंगी एलईडी बसवलेला असतो, उजेडासाठी! या डब्या काहीच करत नाहीत असं मी म्हणणार नाही. थोडा दुसरा उपस्वर मिसळतो, आणि एखाद्या दुबळ्या आउटपुटच्या प्लेयरला खरा आधारही मिळतो. पण स्पीकरशी गाठ शेवटी ट्रान्झिस्टरचीच राहते, त्यामुळे सांध्यातला तो फरक त्यातून येत नाही.

तो हवा असेल तर उपाय अगदी साधा आहे: ॲम्प्लिफायर बंद करून, प्रत्येक स्पीकरच्या एका तारेत एक ओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टर. कार्व्हरनी पुढे सनफायर कंपनी काढली, तिच्या ॲम्प्लिफायरला नेहमीच्या जोडणीशेजारी साधारण अशाच परिणामाची दुसरी जोडणी दिलेली होती. खर्जाची पकड थोडी सैल होते, तबल्याचा बायाँ जरा जास्त घुमतो. ज्या स्पीकरचा इम्पिडन्स सपाट आहे, तिथे फरक जवळजवळ कळणारच नाही. रेझिस्टर गरम होतो, तेव्हा पडद्याला किंवा लाकडाला टेकवून ठेवू नका. आणि घरातल्या कुणाला तरी, काय लावलंय ते न सांगता, ‘कुठला बरा?’ असं विचारा, म्हणजे खरं उत्तर मिळेल. पण तुलना करताना दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी करून घ्या, कारण रेझिस्टर लावल्यावर आवाज एक-सव्वा डेसिबल कमी येतो आणि नुसता मोठा असलेला आवाज आपल्याला नेहमीच बरा वाटतो.

प्रश्न असतील तर घेऊ या.