पांगुळगाडा : तीन चाकांची चाल

पाऊल टाकू लागलेल्या मुलासाठी मराठी घरांत वापरल्या जाणाऱ्या तीन चाकांच्या लाकडी गाड्याला ‘पांगुळगाडा’ म्हणतात. पांगूळ म्हणजे ज्याचे पाय चालत नाहीत असा, त्याचा हा गाडा. नावात वस्तूवर थोडा अन्यायच झालेला आहे, कारण खऱ्या पांगळ्याला हा गाडा हाकताच येणार नाही. त्यात बसण्याची सोय नसते. पुढे एक आणि मागे दोन चाके, त्यांना जोडणारी त्रिकोणी चौकट आणि मागच्या बाजूला मुलाच्या छातीपर्यंत येणारा आडवा दांडा, एवढीच त्याची रचना असते. मुलाने आधी स्वतःच्या बळावर उठून उभे राहावे, दांडा धरावा आणि मग ढकलावे, हे त्या रचनेतच गृहीत धरलेले आहे. पुढे राजकीय लेखनात परावलंबनाला ‘पांगुळगाडा’ म्हणण्याची रीत पडली, तीही वस्तूपेक्षा तिच्या नावावरच बेतलेली दिसते.

तीन चाकांमागे सुताराची जाण होती. उंचसखल जागेवर चार पायांचे आसन डुगडुगते, कारण चौथा पाय अधांतरी राहू शकतो. तीन टेकू मात्र कोणत्याही जागेवर एकाच वेळी टेकतात. शेणाने सारवलेल्या ओबडधोबड जमिनीला असाच गाडा मानवत असे, शिवाय त्या जमिनीत लाकडी चाक अडखळत फिरत असल्यामुळे गाडा मुलाच्या पुढे निसटत नसे आणि प्रत्येक पावलाला पायांना व कमरेला जोर लावावा लागे. घराघरांत गुळगुळीत फरशी आली, तेव्हा हा अटकाव नाहीसा झाला.

या गाड्याआधीची खेळणी पाळण्यातली होत. पाळण्यावर टांगलेले चिमणाळे, म्हणजे लाकडी चिमण्या-पोपटांचा झुंबरवजा झुबका, नजरेला आणि हातांच्या झेपेला काम देई, तर खुळखुळ्यामुळे मूठ वळे. अशा रंगीत लाकूडकामासाठी सावंतवाडीची चितारआळी प्रसिद्ध झाली. गोल गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळण्याचे पत्ते, हीदेखील त्याच गावाची ओळख. तिथली लाकडी फळे आणि भाज्या पांगाऱ्याच्या मऊ, हलक्या लाकडाच्या असत. ओढाताण सोसणाऱ्या गाड्याला मात्र अधिक कणखर लाकूड लागते.

चाकांच्या गाड्या त्याहून कितीतरी जुन्या आहेत. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर भाजलेल्या मातीच्या लहान बैलगाड्या मोठ्या संख्येने सापडल्या आहेत, आणि शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकाला त्याचे नावच मातीच्या खेळगाडीवरून मिळाले आहे. मात्र या गाड्या दोरीने ओढण्याच्या किंवा हाताने फिरवण्याच्या. मुलाचा तोल सावरणारी गाडी ही निराळी कल्पना आहे. ती युरोपातही होती. नेदरलंड्समध्ये 1440च्या सुमारास सजवलेल्या ‘कॅथरिन ऑफ क्लीव्ह्ज’ हिच्या प्रार्थनापोथीत बालयेशू लाकडी चौकटीच्या आत उभा राहून पाऊल टाकताना रंगवला आहे. तिथे मूल चौकटीच्या आत असते, पांगुळगाड्यात ते बाहेर, मागे राहते. एवढ्याशा फरकाने खेळण्याचा स्वभावच बदलतो.

विसाव्या शतकात घरोघरी पोहोचलेला प्लॅस्टिकचा ‘वॉकर’ या आतल्या चौकटीचाच वंशज होय. त्यात कापडी बैठकीने मुलाचे वजन उचललेले असते, त्यामुळे जे मूल अजून उभेही राहू शकत नाही ते टाचा न टेकवता, पायाच्या बोटांनी रेटत घरभर धावते. तोल सांभाळणे, पडणे आणि पुन्हा उठणे हा जो चालण्याचा खरा अभ्यास, तोच त्यात टळतो, आणि जिन्याच्या कडेपर्यंत मूल क्षणात पोहोचते ते वेगळेच. अशा अपघातांमुळे कॅनडाने एप्रिल 2004 मध्ये बैठकीच्या वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात बंद केली. मुलाने उभे राहून मागून ढकलायच्या गाड्या त्या बंदीत आल्या नाहीत.